बॉनेटखाली सही करणारे खैरनार सर

परवा आमच्या वर्कशॉपात एक पांढरी गाडी आली. मालक गॉगल डोक्यावर चढवून माझ्या टेबलाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, एका मित्राला विचारायचं होतं. ट्यूनिंग केलं तर वॉरंटी जाते का हो?" हा मित्र मला आठवड्यातून चारदा भेटतो. मी म्हटलं, चला, तुमच्या मित्राचं बॉनेट उघडू. उघडलं, आणि आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करनं, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'या गाडीचं सॉफ्टवेअर मी बदललं आहे. खैरनार.' बिचाऱ्यानं गाडी सेकंडहँड घेतलेली, वॉरंटीचं शेवटचं वर्ष, आणि बॉनेट एकदाही उघडून बघितलेलं नाही. तो घाबरून माझ्याकडे बघतोय, आणि मी आपली त्या अक्षरांवरून बोट फिरवत उभी. मला हसू आलं आणि रडूही आलं. सरांना जाऊन दोन उन्हाळे झाले आणि अजून ते माझ्या टेबलावर हजेरी लावतातच.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना सांगते. हल्लीच्या गाडीत इंजिनाला हुकूम द्यायला एक कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोनं इंजिनात हवा किती कोंबायची, सगळं तो ठरवतो. कंपनी त्यात आपली फाईल भरून देते, आणि ती देताना जरा हात राखून देते. ती फाईल बदलली की तीच गाडी घाटात ढांगा टाकायला लागते. हेच ट्यूनिंग. पण कंपनीला ते कळलं की इंजिनाची वॉरंटी गेलीच म्हणून समजा. म्हणून सगळे लपवतात. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी जुनी फाईल परत टाकून घेतात आणि साळसूद चेहऱ्यानं येतात. त्यांना ठाऊक नसतं की आपल्यात किती वेळा लिहिलं गेलं ते तो कॉम्प्युटर मोजून ठेवतो. तो आकडा वाचायचं काम माझं. मी वॉरंटीच्या टेबलावर बसते, आणि माझ्यावर अर्धं नाशिक चिडून असतं.

अशा या धंद्यात सही करणारा माणूस एकच. खैरनार सर.

सर मूळचे सटाण्याकडचे. उंच, वाळके, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेनाच्या जागी टायरची हवा मोजायची दांडी. दुसऱ्या खिशात फुटाणे. आयटीआयला त्यांनी आम्हाला मोटार मेकॅनिक शिकवलं. तुकडीत मी एकटी मुलगी. पहिल्या दिवशी आत आले आणि म्हणाले, चपला काढा. मला वाटलं अवजारांची पूजा वगैरे आहे. तर यांनी आम्हाला पाळीपाळीनं एका जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवलं, डोळ्यांवर फडकं बांधलं, तळपाय सपाट जमिनीवर टेकायला लावले, आणि चालू इंजिनाची एक वायर काढून विचारलं, कुठला सिलिंडर मेला?

पोरं हसली. मीही हसले. सर नाही हसले. म्हणाले, "आवाज कानाला फसवतो. पायाला आधी कळतं, मग कानाला. अवजार सगळ्यात शेवटी." मला दोन दिवस काहीच कळलं नाही, नुसत्या मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी टाचेखाली काहीतरी लंगडतंय असं वाटलं आणि मी बोलून गेले, तिसरा. सर इतक्या जोरात 'जाधव!' म्हणून ओरडले की शेजारच्या वेल्डिंगच्या वर्गातले लोक धावत आले. मग माझ्या हातावर चार फुटाणे ठेवले. तेच आमचं पारितोषिक. पुढे लग्न होऊन मी पवार झाले, डोक्यात चार पांढरे केस आले, तरी सरांसाठी मी हजेरीपटावरची जाधवच राहिले.

आणि हो, सर खूश झाले की त्यांची पुस्तकी मराठी सुटायची आणि सरळ अहिराणी सुरू व्हायची. इंजिन मनासारखं चालायला लागलं की मान तिरकी करून म्हणायचे, "ऐक, ऐक, बोली ऱ्हायनी ती." म्हणजे, बोलतेय बघ ती. आणि आम्ही सगळे माना तिरक्या करून ऐकायचो.

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात. सरांनी लॅपटॉप घेतला. आपल्या पोरीकडून, त्याच्यापुढे बसायचं कसं इथपासून शिकले, आणि नाशकातच अंबडला एका वेल्डिंगवाल्याच्या शेडमधला कोपरा धरून ट्यूनिंग सुरू केलं. पाटी नाही, काही नाही. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, रोज कुठे जाता? कुणी म्हणालं, घरापासून कॉलेज रोड, की सर म्हणत, मग चालत जा, पायाला बरं. कुणी म्हणालं घोटीहून भाताच्या गोण्या आणतो, की डोळे चमकायचे. मग चपला काढून शेजारच्या सीटवर बसायचे आणि गाडी घाटात न्यायला सांगायचे. परत येईपर्यंत लॅपटॉपच्या पिशवीची गाठसुद्धा सोडायचे नाहीत. आणि गिऱ्हाइकानं मागितलेल्या ताकदीच्या बरोबर अर्धी द्यायचे. पूर्ण का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, उरलेली अर्धी इंजिनाची, ती तुझी नाही.

एकदा गंगापूर रोडचा एक बागायतदार नवी कोरी गाडी घेऊन आला. पॉवर पाहिजे, आत्ता पाहिजे. सर त्याच्याबरोबर फेरी मारून आले, गाडी आत घेतली, शेडचं दार लावलं आणि अर्ध्या तासानं चावी परत दिली. हा गडी त्र्यंबक रोडला जाऊन आला तो हवेतच. काय सर, काय गाडी केलीत, विमान केलंत. सरांनी शांतपणे फुटाणे चावत सांगितलं, "फाईल कंपनीचीच आहे भाऊ. तुझ्या चारही टायरांत हवा कमी होती, ती भरली." पैसे घेतले नाहीत. तो माणूस आधी रागावला, मग पोट धरून हसला, आणि पुढे वर्षभर सरांकडे गिऱ्हाइकं पाठवत राहिला.

पण सरांची खरी तऱ्हा पुढेच. गाडी वॉरंटीत असेल तर मालकाकडून एक कागद स्वहस्ते लिहून घ्यायचे. 'सॉफ्टवेअर बदलून घेत आहे. कंपनीने हात वर केले तर माझी तक्रार नाही.' त्याखाली सर स्वतः एक ओळ लिहायचे: 'कंपनीने हात वर केले तर माझा हात आहे.' हा कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवायचा आणि वर्कशॉपात गेल्यावर मागायच्या आधी दाखवायचा. मूळ फाईल एका पेनड्राइव्हवर, त्याला गाडीच्या नंबराची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली, आणि असे सगळे पेनड्राइव्ह लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. शेवटी बॉनेटखाली सही. आता सांगा, असा माणूस धंद्यात चालेल का? दहातले सात जण कागद बघूनच पळायचे. मी तर हात जोडून सांगायची, सर, निदान सही तरी करू नका, तुमची गाडी माझ्यासमोर आली तर मी काय करू? सर म्हणायचे, "वाच आणि लिही. मी केलेलं काम मी लपवू? मग तुला शिकवलं काय?"

मंगल भोयेची गाडी आली ती अशीच कागदासकट.

मंगल पेठकडची. तिच्या पाड्यावर चारचाकी गाडीची पहिली मालकीण, आणि ड्रायव्हरही तीच. नऊ माणसांची गाडी. रोज सकाळी पेठहून नाशिक, दुपारी परत. शिक्षक, दवाखान्याची माणसं, बाजाराला निघालेल्या बाया. गाडी नवी होती, पण भरली की कोटंबीच्या घाटात धापा टाकायची आणि मागून येणारे हॉर्न मारमारून जीव नकोसा करायचे. कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. ती आली, कागद लिहिला, आणि सरांना घेऊन भल्या सकाळी घाटात गेली.

त्या दिवशी दहा वाजता सरांचा मला फोन. मी टेबलावर, समोर दोन गिऱ्हाइकं, आणि सर तिकडून नुसते उधळलेले. अगं जाधव, काय पोरगी आहे, क्लच दाबते ते कळतसुद्धा नाही, वळणावर गिअर टाकते तो पायाला लागत नाही, चाळीस वर्षं मी हेच शिकवत होतो आणि ही कुणाच्या शेतातल्या ट्रॅक्टरवर शिकून आली म्हणते. बोली ऱ्हायनी, गाडी बोली ऱ्हायनी. मी हिला अर्धी नाही, पूर्ण दिली. जिला चालवता येतं तिला का नाही द्यायची?

मी हसले. बरं वाटलं. सरांनी आपला नियम मोडला हे ऐकून कान टवकारायला हवे होते, ते मी केलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती गाडी आमच्याकडे टोचन करून आली. घाट चढताना मोठी किंकाळी मारल्यासारखा आवाज झाला, मागे पांढरा लोट, आणि ओढ संपली. टर्बोचा दांडाच तुटला होता. माणसं उन्हात उतरून एसटीची वाट बघत बसली. मंगल माझ्यासमोर बसली आणि काही बोलायच्या आधी सरांचा कागद टेबलावर ठेवला. सरांनी सांगितलं होतं, आधी दाखवायचा. तसा तिनं दाखवला.

तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, आठ दिवस गाडी उभी ऱ्हायली तर माणसं दुसऱ्याच्या गाडीत बसत्यात. एकदा बसली का परत येत नाय. तेवढं बघा." पेठच्या स्टँडवर दुसरी एक गाडी दोन महिन्यांपासून टपून उभी होती, हेही तिनं सांगितलं. बाई गाडी चालवते म्हणून हसणारे लोक आता कुठे तिच्या वेळेला घड्याळ लावायला लागले होते. टर्बो वॉरंटीत मिळाला तर ती तिसऱ्या दिवशी रस्त्यावर. नाही मिळाला तर तिची फेरी गेली.

खोटं कशाला बोलू, मी तो कागद खणात सरकवला. मोजणीचा आकडाही अजून वाचला नव्हता. म्हटलं, बघू, उद्या बघू. तासाभरात सर दारात उभे. मंगलनं फोन केला होता. घामेजलेले, बाह्या दुमडलेल्या, पण तोंडावर काळजी बिळजी काही नाही, उलट कुस्तीला निघाल्यासारखे. पहिलंच वाक्य, "लिहिलंस का?" मी खणाकडे बघितलं. म्हणाले, काढ तो कागद बाहेर. सॉफ्टवेअर बदललंय हे लिही, आणि त्याखाली लिही की टर्बो त्यानं तुटलेला नाही. तेलानं तुटलाय. टर्बोला तेल नेणारा पाइप चोंदला असणार, आणि पाइप कंपनीचा आहे. बोलाव तुझ्या साहेबाला.

योगायोगानं कंपनीचा इंजिनिअर त्या आठवड्यात नाशकातच होता. तिशीचा, चष्मा, अतिशय सभ्य. असल्या तक्रारी तो दोन मिनिटांत निकालात काढायचा. पण समोरचा ट्यूनर स्वतः येऊन, हो, मी केलंय, ही माझी सही, असं सांगतोय हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. तो खुर्चीवरून उठला. सरांनी सांगितलं, पाइप उघडा, चोंदलेला निघाला तर हिला टर्बो द्यायचा. इंजिनिअर म्हणाला, निघाला तर मी स्वतः शिफारस करतो.

झालं. वर्कशॉपातली सगळी कामं थांबली. पाने हातात घेऊन मेकॅनिक गोळा झाले, कॅन्टीनवाला कळकट किटली घेऊन आला. सर मध्ये उभे राहून तेल कुठून कुठे जातं ते हातवारे करून सांगत होते, आणि मी पुन्हा आयटीआयच्या बाकावर. मंगल गाडीला टेकून उभी. आणि मी कंपनीचा पगार घेऊन मनात म्हणत होते, चोंदलेला निघू दे रे देवा, चोंदलेला निघू दे.

पाइप निघाला. आरपार लख्ख. त्यातून आमच्या कॅन्टीनवाल्याचा चेहरा दिसला.

सरांनी पाइपातल्या तेलाचा थेंब चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला. मग चपला काढल्या आणि बंद गाडीत जाऊन बसले. बंद गाडीत पायाला काय कळणार होतं? तसेच बसून त्यांनी इंजिनिअरला विचारलं, गाडी पडली त्या क्षणाचे आकडे निघतील का? ते निघतात, बिघाड झाला की कॉम्प्युटर तेवढ्यापुरतं सगळं टिपून ठेवतो. इंजिनिअरनं आपला लॅपटॉप सरांच्या मांडीवर ठेवला. बाहेरची हवा तापलेली. पाय पूर्ण दाबलेला. गाडी जेमतेम सरकतेय. कॉम्प्युटर टर्बोकडे दाब मागतोय, तेवढा मिळत नाही, म्हणून त्याला आणखी जोरात फिरवतोय, आणि आणखी, दांडा तुटेपर्यंत. सरांनी चष्मा काढला.

"मंगल, गाडीत किती जण होते?"

"नऊ, सर. मला धरून. आन् टपावर नागलीची चार पोती."

"रोज?"

"रोज नऊच. पोती कधीमधी."

सरांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "मी मोजलं तेव्हा आपण दोघं होतो. पहाटेची गार हवा होती." आणि आमच्या इंजिनिअरकडे वळून, सरळ, एकही शब्द न गिळता म्हणाले, "चूक मनी शे."

तो बिचारा पुण्याचा, त्याला अहिराणी कुठली येणार, पण 'चूक माझी आहे' एवढं त्यालाही कळलं. एरवी प्रत्येकाला रोज कुठे जाता विचारणाऱ्या माणसानं, किती जणांना घेऊन जाता, एवढं एकच विचारलं नव्हतं. तिच्या चालवण्यावर इतके भाळले होते की राहूनच गेलं. अर्धी ताकद दिली असती तर त्या राहून गेलेल्या प्रश्नालाही इंजिनानं पोटात घातलं असतं. नेमकी तिथे पूर्ण दिली. मला त्यांचा राग आला, हेही सांगते. आनंदानं असं आंधळं व्हावं का माणसानं, या वयात? आणि पुढच्याच क्षणी वाटलं, आनंद झाला नसता तर ते खैरनार सर कसले.

वॉरंटी नाकारल्याचा फॉर्म मीच भरला. सरांनी तो वाचायला घेतला आणि म्हणाले, एक ओळ राहिली: चूक ट्यूनरची, मालकिणीची नाही. मी म्हटलं, सर, असा रकानाच नाही फॉर्ममध्ये. म्हणाले, समासात लिही. मी समासात लिहिलं. अजून त्या फाईलला आहे ते.

मग ते मंगलकडे गेले. ती रडत नव्हती, नुसती चावी मुठीत धरून उभी होती. तिला एवढंच म्हणाले, कागद वाच परत, खालची ओळ. माझा हात आहे लिहिलंय ना? परवा सकाळी गाडी अंबडला आण.

सरांची स्वतःची एक गाडी होती, तांबडी. तिला ते तांबडीच म्हणायचे. जुनं मॉडेल, पण इंजिन मंगलच्या गाडीचंच, टर्बोही तोच. त्या गाडीवर त्यांनी काय काय केलं होतं ते लिहायला दुसरं पुस्तक लागेल. कसारा घाटात ती तांबडी चढताना बघायला आमच्या तुकडीतली पोरं मुद्दाम जायची. ठरल्या सकाळी आम्ही शेडमध्ये पोचलो तर तांबडीचं बॉनेट उघडं, आणि बाकावर जुन्या पंच्यात गुंडाळलेला तिचा टर्बो, आंघोळ घातल्यासारखा स्वच्छ. मंगल म्हणाली, "सर, तुमची गाडी?" सर म्हणाले, तिला नऊ माणसं न्यायची नाहीत.

दुपारपर्यंत टर्बो बसला. बरणीतून मंगलच्या नंबराचा पेनड्राइव्ह काढून सरांनी मूळ फाईल परत टाकली. तिसऱ्या दिवशी ती रस्त्यावर होती, धापा टाकत का होईना, पण वेळेवर. स्टँडवरची ती दुसरी गाडी दोन फेऱ्या रिकामी गेली म्हणे.

पण मंगलही खमकी. दोन दिवसांनी परत आली. म्हणाली, सर, घाटात लय ओढत नाय, आता नीट मोजून द्या ना. मला वाटलं सर कानाला खडा लावतील. सरांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. म्हणाले, रविवारी. भर दुपारी. नऊ माणसं आणि चार पोती घेऊन.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. नऊ माणसं जमवायची म्हणून सरांनी आमच्या जुन्या तुकडीतल्या चौघांना हुकूम सोडला. मी होतेच. शेडवाला वेल्डर. मंगल, सर, आणि नववा कोण, तर कंपनीचा तो इंजिनिअर. सुट्टी आहे, नुसता बघायला आलोय, मी इथे नाहीच असं समजा, म्हणाला. टपावर मंगलनं खरीखुरी नागलीची पोती बांधली. आणि सरांनी सगळ्यांना चपला-बूट काढायला लावले. शेडच्या दाराशी नऊ जोड ओळीनं ठेवून आम्ही निघालो, ड्रायव्हरसकट सगळे अनवाणी.

कोटंबी घाट खालून वर, वरून खाली, पुन्हा वर. गाडीत भट्टी. सर मांडीवर लॅपटॉप घेऊन पुढे, प्रत्येक फेरीनंतर आकडा थोडा खाली, आणि मागे वळून एकेकाला प्रश्न: तुला काय कळलं? तुला? वर्गच भरला होता. तिसऱ्या फेरीला त्या इंजिनिअरनं डोळे मिटले, पाय सपाट टेकवले आणि जरा वेळानं म्हणाला, "सर, मोठ्या वळणानंतर एक बारीक थरथर होती, ती आता गेली." सर इतके ओरडले की मंगलनं ब्रेक दाबला. पोरा, बोली ऱ्हायनी ना? बोली ऱ्हायनी ना? आणि खिशातून चार फुटाणे काढून त्याच्या हातावर. त्यानं ते इतके जपून खाल्ले की मला हसू आवरेना.

घाटमाथ्यावर चहाची टपरी दिसली आणि आम्ही सगळे दार उघडून उत्साहानं खाली उतरलो. एप्रिलची दुपार, डांबरी रस्ता, आणि आमच्या चपला अंबडला. नऊच्या नऊ जणांनी जो नाच केला त्याला तोड नाही. टपरीवाला चहा ओतायचा विसरला. आम्ही परत गाडीत उड्या मारल्या आणि त्या भल्या माणसानं चहा खिडकीतून दिला. सर तळपाय चोळत खोकला येईपर्यंत हसत होते. म्हणाले, हेही विचारायचं राहिलंच की.

शेवटी मंगलला मिळाली ती मागितलेल्या ताकदीच्या अर्ध्याहून थोडी कमी. पण नऊ जणांसकट घाट एका दमात. नवा कागद झाला, खालची ओळ तीच, आणि बॉनेटखाली सही: 'नऊ माणसं, चार पोती, भर दुपार. खैरनार.'

आणि तांबडी? मला वाटायचं, सर नवा टर्बो घेतील. मी दोनदा विचारलंही. तर एक दिवस फोन. जाधव, टर्बोच्या जागी साधा पाइप जोडला आणि बिनटर्बोची फाईल लिहिली, डिझेल इतकं कमी केलं की धूर नाही बघ, एक ठिपका नाही. अगं पळत नाही ती, म्हणून काय झालं, तिचा स्वतःचा श्वास ऐकायला येतो. इतकी वर्षं मी तो टर्बोच्या शिट्टीखाली दाबून टाकला होता. नवीन खेळणं मिळालेल्या पोरासारखे बोलत होते. मी वाद घालायचा विचार सोडून दिला.

त्यानंतर मी सरांना एकदाच पाहिलं. दिवाळी झाली होती. वर्कशॉपातल्या एकाच्या घरच्या कार्याला मी पेठला निघाले होते, मंगलच्याच गाडीतून, पुढच्या सीटवर. घाट सुरू झाला आणि पुढे सात-आठ ट्रक, आणि त्या ट्रकांच्याही मागे, डाव्या कडेनं, बैलगाडीच्या चालीनं, तांबडी. काच खाली, एक हात बाहेर. धूर खरंच नव्हता.

मंगलनं हॉर्न दिला नाही. हळूच शेजारी घेतली. सरांनी मान वळवून आम्हाला पाहिलं, ओळखलं, आणि तो बाहेरचा हात वर करून पाची बोटं फिरवली, किती, असं विचारतात तशी. मंगलनं आरशात एकदा मागे बघितलं, म्हणाली, "सांगा मॅडम, नऊ." मी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून नऊ बोटं दाखवली. सरांनी ती ओठ हलवत एकेक करून मोजली, मान डोलावली, आणि आम्हाला पुढे जायचा हात केला.